गवताच्या आगीचा धोका हवामानावरून कसा ओळखायचा, स्टेप बाय स्टेप

मोकळ्या रानात वाळकं गवत उभं असेल तर "आज आगीचा धोका किती?" ह्याचं उत्तर बहुतेक लोक थर्मामीटर बघून देतात, ऊन कडक म्हणजे धोका जास्त आणि गारवा असला की टेन्शन नाही, आणि नेमकं इथेच गणित चुकतं. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये बोल्डर काउंटीत जी मार्शल फायर भडकली ती ऐन हिवाळ्यातली. त्या वर्षी वसंतात पाऊस चांगला झालेला, त्यामुळे गवत भरपूर वाढलं, मग पुढचे कितीतरी महिने कोरडे गेले, आणि त्या दिवशी डोंगरावरून वाऱ्याचे झोत ताशी १६० किमीच्या वर आले. काही तासांत हजाराच्या वर इमारती खाक, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच जागेवर बर्फ पडला. म्हणजे एक दिवस उशीर झाला असता तर कदाचित काहीच झालं नसतं.

गवताची आग ही तासांची गोष्ट आहे, सीझनची नाही, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा. सीझन फक्त इंधन तयार करून ठेवतो, धोका आज आहे का, आणि किती वाजता आहे, हे ठरवते हवा.

गवत जंगलापेक्षा वेगळं का वागतं

जाड ओंडक्याला वाळायला आठवडे लागतात आणि एकदा वाळला की एखाद्या सरीने तो आतून भिजतही नाही. गवताच्या मेलेल्या काडीचं उलट आहे. ६ मिमीपेक्षा बारीक जे काही मेलेलं इंधन असतं त्याला फायरवाले "एक तासाचं इंधन" म्हणतात, म्हणजे हवा बदलली की साधारण तासाभरात त्यातला ओलावा नव्या हवेच्या दिशेने जवळपास दोन तृतीयांश पल्ला गाठतो, आणि उभ्या मोकळ्या गवताला तर तेवढाही वेळ लागत नाही. दोरीवरचं पातळ सुती फडकं आणि जाड सतरंजी ह्यांच्यात जो फरक तोच. म्हणून "काल रात्री पाऊस झालाय, आज सेफ आहे" हे वाक्य जंगलात एखाद वेळी चालेल, गवतात दुपारपर्यंतच खोटं ठरू शकतं.

स्टेप १: गवत खरंच किती वाळलंय ते बघा

हवामानाच्या आधी हे, कारण हिरवं गवत कितीही वारा आला तरी पेटायला कुरकुर करतं. एकूण गवतातला किती भाग मेलाय, वाळलाय, त्या टक्केवारीला क्युरिंग म्हणतात. रस्त्यावरून किंवा गाडीतून अंदाज घेऊ नका, लांबून बघताना वरचे सुकलेले तुरेच दिसतात आणि सगळं रान पिवळं वाटतं, आत बुडाशी हिरवं असतं. कधी उलटही होतं, वरून कोवळा हिरवा पोपटी रंग आणि खाली मागच्या वर्षीच्या मेलेल्या गवताचा गच्च थर, हे जास्त फसवं.

आत चालत जा. चार-पाच ठिकाणी मूठभर गवत बुडाशी कापा, हिरव्या काड्या एकीकडे आणि पिवळ्या दुसरीकडे करा, आणि ढिगांचा आकार बघा. वजन करून तुलना करायची नाही, हिरव्या काडीत पाणी असतं त्यामुळे ती जड भरते आणि गवत आहे त्यापेक्षा ओलं वाटतं. काडी वाकवून बघा, कट्‌कन मोडली तर मेलेली, लवली तर अजून जीव आहे. पेरांकडे नीट बघा, पानं वाळली तरी पेरं जांभळट-हिरवी असतील तर अजून थोडा अवकाश आहे. भरपूर ऊन खाणारे उतार आधी वाळतात, खोलगट ओलसर जागा सगळ्यात शेवटी, म्हणून एकाच ठिकाणचा नमुना घेऊन मोकळं होऊ नका.

आता आकड्यांचं. ५० टक्के क्युरिंग असताना आग पसरण्याचा वेग पूर्ण वाळलेल्या गवतातल्या वेगाच्या साधारण सहावा हिस्सा असतो, ७५ टक्क्यांना मात्र तो एकदम सत्तर टक्क्यांवर जातो, आणि ९० नंतर पूर्ण वाळलेल्यात नि ह्यात फारसा फरकच राहत नाही. म्हणजे धोका सरळ रेषेत वाढत नाही, मधल्या दोन-तीन आठवड्यांत तो उडी मारतो, आणि कडक ऊन नि कोरडा वारा असेल तर ती उडी आणखी लवकर येते. "अजून निम्मं हिरवं आहे" असं म्हणून निवांत बसलेले लोक ह्याच उडीत सापडतात.

आणि हो, पाऊस चांगला झाला म्हणजे यंदा आगी कमी, हा समज गवताच्या बाबतीत बऱ्याचदा उलटा पडतो. दुष्काळात गवत उगवतच नाही, जमीन उघडी पडते, आगीला सलग रस्ता मिळत नाही. भरपूर पावसाचं वर्ष आणि त्यामागून लांबलेला कोरडा काळ, हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट. मार्शल फायरमध्ये तेच झालं.

स्टेप २: तापमान आणि ह्युमिडिटी जोडीने वाचा

नुसतं तापमान बघून काही कळत नाही. मेलेल्या गवतात किती ओलावा आहे हे तापमान आणि रिलेटिव्ह ह्युमिडिटी (त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या वाफेच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा, पुढे नुसतं ह्युमिडिटी) मिळून ठरवतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी संशोधन संस्थेतल्या फिल चेनी आणि सहकाऱ्यांनी नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९८६ साली मोठमोठ्या प्लॉटमध्ये मुद्दाम आगी लावून मोजमापं घेतली, आणि त्यावर बेतलेलं आगीच्या वेगाचं मॉडेल १९९८ ला छापलं. त्या मॉडेलसोबत वाळक्या गवतातल्या ओलाव्याचं जे सूत्र वापरतात ते एवढं सोपं आहे की मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

ओलावा टक्के = ९.५८ − (०.२०५ × तापमान सेल्सिअसमध्ये) + (०.१३८ × ह्युमिडिटी टक्के)

हे दुपारच्या, पावसाने किंवा दवाने न भिजलेल्या गवतासाठी. ४० डिग्री आणि १० टक्के ह्युमिडिटी टाकून बघा, ओलावा येतो २.८ टक्के. म्हणजे काडी जवळजवळ कोरडी ठणठणीत, एक ठिणगी बास. २० डिग्री आणि ७० टक्के टाका, येतो १५ टक्के, पेटेल पण रडत-रखडत. वारा कमी असेल तर २० टक्क्यांच्या आसपास आणि वारा असेल तर २४ टक्क्यांच्या आसपास ओलावा गेला की आग पसरायची थांबते.

ह्युमिडिटीचा अजून एक उपयोगी ठोकताळा आहे. हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि तापमान साधारण ११ डिग्रीने वाढलं, तर रिलेटिव्ह ह्युमिडिटी निम्मी होते. सकाळी १८ डिग्री आणि ७५ टक्के असेल तर २९ डिग्रीला ती ३७-३८ होणार. म्हणून सकाळी सातचा आकडा बघून "हवा दमट आहे" म्हणायचं नाही, त्या आकड्यावरून दुपारचा काढायचा. फोरकास्टमध्ये ड्यू पॉइंट (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा) दिलेला असेल तर तो जास्त भरवशाचा, कारण तो तापमानाबरोबर वरखाली नाचत नाही. दुपारी ड्यू पॉइंटच घसरतोय असं दिसलं तर समजा की वरची कोरडी हवा खाली मिसळतेय, आणि ह्युमिडिटी ठोकताळ्यापेक्षाही खाली जाणार.

स्टेप ३: पाऊस आणि दव, किती तास टिकणार?

पाऊस किती मिमी झाला त्यापेक्षा तो संपल्यावर काय झालं ते महत्त्वाचं. सर येऊन गेली, ढग हटले, ऊन पडलं, वारा सुटला की उभं गवत काही तासांत परत पेटण्याजोगं होतं. आडवं पडलेलं, गच्च बसलेलं गवत जास्त वेळ ओलं राहतं, पण तेही बुडाशी, वरचा थर सुकलेला असतो. पाय मारून उलटून बघा.

दव हे गवताचं रात्रीचं पाणी. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या रात्री चांगलं दव पडतं आणि आग आपोआप मंदावते. पण रात्रभर वारा चालू राहिला किंवा ह्युमिडिटी वर चढलीच नाही तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच कोरड्या गवताने होते, जो धोका एरवी दुपारी यायचा तो सकाळी नऊ-दहालाच येतो. म्हणून मी तरी फोरकास्टमध्ये रात्रीची जास्तीत जास्त ह्युमिडिटी आधी बघतो, दिवसाची कमीत कमी नंतर. डोंगराळ भागात अजून एक गंमत, थंड हवा दरीत साचते आणि उताराच्या मधल्या पट्ट्यात रात्रीही ऊब राहते, तिथे दव पडत नाही. खालचं गवत सकाळी चिंब, मधलं ठणठणीत.

स्टेप ४: वारा, आणि इथे घाई करू नका

गवतात वाराच मालक आहे. वारा ताशी ५ किमीच्या खाली असेल तर आग नुसती रेंगाळते, दिशाही धड ठरत नाही, वारा त्याच्या वर गेला की ती वाऱ्याच्या पुढे एक तोंड काढते आणि धावायला लागते. वरच्याच मॉडेलने, पूर्ण वाळलेलं, न चरलेलं, सपाट रानातलं गवत आणि ३ टक्के ओलावा धरला, तर ताशी २० किमी वाऱ्याला आग ताशी ७ किमीच्या आसपास जाते, ४० किमी वाऱ्याला १३ च्या आसपास. माणूस भरभर चालतो ताशी ५-६ ने.

ह्यात फोरकास्टमधला वारा कुठला धरायचा हे समजून घ्या. वेदर स्टेशनचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत, काही मिनिटांची सरासरी काढून दिलेला असतो. गस्ट हा वेगळा आकडा, तो क्षणाचा झोत. सरासरी २५ आणि गस्ट ५० असेल तर आग संथ-जोरात-संथ-जोरात अशी झेपा टाकत जाते आणि त्या झेपांच्या वेळी जवळ असलेला माणूस सापडतो. घराच्या आडोशाला उभं राहून "आज काही वारा नाही" म्हणू नका. यंत्र नसेल तर झाडं बघा: पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत तर वारा ताशी १२ ते १९ किमी, धूळ नि कागद उडायला लागले तर २० ते २८, पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली तर २९ ते ३८, मोठ्या फांद्या हलतायत आणि तारा शिट्टी वाजवतायत तर ४० किंवा वर.

आगीचं तोंड किती रुंद आहे ह्यावरही वेग ठरतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. नुकती लागलेली, दहा-वीस मीटर रुंदीची आग त्याच वाऱ्यात हळू जाते, तोंड शंभर-दीडशे मीटर झालं की मगच पूर्ण वेग पकडते. वारा दिशा बदलत डगमगत असेल तर तोंड लवकर रुंद होतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत विझवली तर विझवली, असं जे म्हणतात त्याचं कारण हे.

आता सगळ्यात घातक भाग, दिशा बदलणं. आग वाऱ्याच्या दिशेने लांबट होत जाते, समजा ६ किमी लांब आणि १ किमी रुंद झाली. पुढचं तोंड भयंकर, पण दोन्ही लांब बाजू तुलनेने शांत असतात, आणि माणसं साहजिकच त्या बाजूंनाच काम करत असतात. आता वारा काटकोनात फिरला. ती ६ किमीची शांत बाजू एका फटक्यात आगीचं तोंड होते. २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या स्मोकहाउस क्रीक आगीत हेच झालं, २६ तारखेला सुरू झालेली आग जोरदार पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेकडे लांब पसरली, दुसऱ्या दिवशी कोल्ड फ्रंट (गरम हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेची कड) आला, वारा उत्तरेचा झाला आणि लांबलचक दक्षिण बाजू पेटून दक्षिणेकडे धावली. शेवटी १० लाख एकरांच्या वर क्षेत्र गेलं, त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग.

फोरकास्टमध्ये फ्रंट ओळखायचा कसा? तासातासाच्या तक्त्यात वाऱ्याच्या दिशेचा रकाना खाली-खाली वाचत जा, एका तासात दिशा ६०-९० अंशांनी उडी मारत असेल आणि त्याच वेळी तापमान पडत असेल तर तोच. उत्तर गोलार्धात दिशा सहसा नैऋत्येकडून वायव्य-उत्तरेकडे फिरते, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैऋत्येकडे. मजा म्हणजे फ्रंट आला की गार वाटतं आणि लोक हुश्श करतात, तर गवतासाठी तोच तास दिवसातला सगळ्यात वाईट असू शकतो. तक्त्यातल्या वेळेवर डोळे झाकून विसंबू नका, फ्रंट तास-दोन तास आधी किंवा उशिरा येऊ शकतो.

डोंगरावरून खाली घसरणारा वारा हे वेगळं प्रकरण. हवा खाली येताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० डिग्री तापते, त्यामुळे ती गरम, कोरडी आणि जोरदार, तिन्ही एकदम. हा वारा रात्रीही वाहतो, म्हणजे रात्री धोका उतरतो हा नियम तिथे लागू नाही. मार्शल फायरचा वारा ह्याच जातीचा, आणि ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईतल्या लहायनाचं जे झालं तिथेही डोंगरउतारावरून आलेला वारा आणि पडीक शेतांवर माजलेलं परदेशी गवत हीच जोडी होती.

स्टेप ५: आकाशाकडे बघा

वरची हवा अस्थिर असेल तर वरचा जोरदार वारा झटके देत खाली येतो. खुणा सोप्या आहेत: धूर सरळ उंच चढतोय, कापसासारखे ढग उभे वाढतायत, वावटळी उठतायत. सकाळी धुकं किंवा धूर खाली पसरून बसलेला असेल तर हवा स्थिर आहे, पण तो थर दहा-अकराच्या सुमारास फुटतो आणि अर्ध्या-पाऊण तासात वारा दुप्पट होऊ शकतो. सकाळच्या शांततेवर भरवसा ठेवून काम सुरू करणाऱ्यांचा घात इथे होतो.

गडगडाटी ढगाखालून पावसाची झालर लटकतेय पण ती जमिनीपर्यंत पोचत नाहीये, असं दिसलं तर सावध. तो पाऊस हवेतच आटतो, हवा गार आणि जड होऊन खाली आदळते आणि चारी दिशांना झोत फेकते, कुठल्या बाजूने येईल सांगता येत नाही. वर परत कोरडी वीज, म्हणजे पावसाशिवाय नुसतीच वीज, पडायची भीती असतेच.

उताराबद्दल थोडक्यात: चढ दर १० अंशांनी वाढला की चढाकडे जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट धरतात. २० अंशाला चौपट.

स्टेप ६: दिवसाचा तक्ता बनवा

आदल्या रात्री पाच मिनिटांचं काम आहे. तीन-चार वेळा लिहा, प्रत्येकीसमोर तापमान, ह्युमिडिटी, वारा, गस्ट, दिशा, आणि सूत्राने काढलेला ओलावा. एक नमुना, गवत पूर्ण वाळलेलं आणि सपाट जमीन धरून:

सकाळी ७: १८ डिग्री, ७५ टक्के, वारा ८. ओलावा १६ टक्के, दव असेल तर अजून जास्त. आगीचा वेग ताशी अर्धा किमी.

सकाळी ११: २७ डिग्री, ४२ टक्के, वारा १५. ओलावा १० टक्के. वेग अडीच किमी.

दुपारी ३: ३६ डिग्री, २४ टक्के, वारा ३०. ओलावा साडेपाच टक्के. वेग जवळपास ८ किमी.

तेच रान, तोच दिवस, आणि सकाळ ते दुपार वेग पंधरा-सोळा पट. सकाळी झाडूने झोडपून विझेल ती आग दुपारी पळून जायची आहे. दिवसाला एकच "हाय" किंवा "मॉडरेट" असं लेबल देणाऱ्या रेटिंगचा उपयोग आहेच, ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२२ पासून मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या आहेत, पण ते लेबल सहसा दिवसातल्या वाईट वेळेचं असतं, वेळ कोणती ते तुम्हालाच शोधायचंय.

३०-३०-३० नावाचा नियम ऐकला असेल: ३० डिग्रीच्या वर, ३० टक्क्यांच्या खाली, ३० किमीच्या वर. लक्षात ठेवायला बरा आहे पण मला तो अर्धवट वाटतो, कारण मार्शल फायरचा दिवस तापमानाच्या रकान्यात नापास झाला असता. गवतासाठी ह्युमिडिटी आणि वारा दोनच धरा, तापमान त्यांच्या मागून येतंच.

स्टेप ७: कुठलं काम कधी करायचं

ग्राइंडर, वेल्डिंग, लोखंडी पात्याचं गवत कापायचं मशीन (पातं दगडावर आपटलं की ठिणगी), गरम सायलेन्सरची गाडी उंच गवतात उभी करणं, ही सगळी आग लावायची साधनं आहेत. माझा स्वतःचा हिशोब असा: ओलावा १० टक्क्यांच्या खाली आला की ही कामं पाणी आणि जोडीदार जवळ असल्याशिवाय नाही, ह्युमिडिटी ३० च्या खाली आणि वारा २० च्या वर गेला की अजिबात नाही, आणि दिशा बदलणार असेल तर आकडे कितीही बरे दिसोत, त्या दिवशी जाळायचं काम नाहीच. तुमच्याकडच्या अग्निशमन विभागाचा किंवा वन विभागाचा नियम ह्याहून कडक असेल तर तोच पाळायचा, बंदी असेल तर विषय संपला.

आग अडवायला गवत कापून पट्टा मारायचा असेल तर ते हिरवं असतानाच, वाळल्यावर कापणं म्हणजे स्वतः ठिणग्या पाडत फिरणं. आणि कापलेलं गवत तिथेच सोडलं तर ज्वाळा बुटक्या होतील पण आग थांबणार नाही, उचलून न्या.

आग लागलीच तर

आधी अग्निशमन दलाला फोन, मग बाकी. ज्वाळांची लांबी बघा, साधारण १.२ मीटरपर्यंत असेल तर हातातल्या अवजारांनी काही करता येतं, त्याच्या वर नाही, २.४ मीटरच्या वर मशीनवाल्यांनाही समोरून जमत नाही. तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही, बाजूने, मागून, आणि जळून गेलेली काळी जमीन पायाशी ठेवून. निसटायचं असेल तर चढाकडे धावू नका आणि वाऱ्याच्या दिशेने आगीशी शर्यत लावू नका, बाजूला निघा, काळ्या जमिनीवर जायला मिळालं तर उत्तम. वारा अचानक पडला तर खूश होऊ नका, तो बहुतेक वेळा दुसरीकडून यायच्या तयारीत असतो, तेवढ्या वेळात बाहेर पडा.

विझल्यावर गवत लगेच थंड होतं, पण वाळलेलं शेण, कुंपणाचे लाकडी खांब, झाडाची बुंधं आत धुमसत राहतात, दोन-तीन दिवससुद्धा. कडेची १५-२० मीटर पट्टी हाताची मागची बाजू जवळ नेऊन तपासा, गरम लागलं की उकरून पाणी घाला. मग पुढच्या तीन दिवसांचा तासातासाचा फोरकास्ट उघडा, वारा कधी २० च्या वर जातोय ते बघा, आणि त्याच्या तासभर आधी परत एक फेरी मारा.